सहावं झाकण

ब्लॉक साखळीला टांगलेला,
हेड उतरलेलं, पिस्टन ओळीनं पोत्यावर,
आणि त्याच्या कुशीला पाच गोल झाकणं,
रुपयाहून मोठी, पुरीहून लहान,
बोअरच्या खाऱ्या पाण्यानं आतून खात खात
कागदाएवढी केलेली.

नव्या झाकणांच्या खोक्यावर छापलं होतं, फ्रीज प्लग.
म्हणजे बर्फ झाला की पाणी फुगतं म्हणे,
तेव्हा इंजिन फुटू नये म्हणून हे आपणहून उडतं.
उदगीरला, देगलूर रोडला, मेच्या अठरा तारखेला,
उन्हात राहिलेला पाना फडक्याशिवाय उचलवत नव्हता
आणि मी बर्फाचा बंदोबस्त हातात धरून उभा.

खाजामियाँ चष्मा कपाळावर सरकवून हसले.
"छापणाऱ्याला छापू दे.
ओतकाम करताना आत वाळू भरतात.
लोखंड निवलं की ती काढायला भोकं लागतात.
भोकं राहिली म्हणून झाकणं आली.
बर्फबिर्फ मागाहूनची गोष्ट."

सुंबा कडेला धरायचा, मधोमध नाही.
मधोमध मारलं तर झाकण आत पडतं,
मग पाण्याच्या गल्लीबोळांत शोधत बसा.
कडेला दोन ठोके;
तिसऱ्याला ते कूस बदलतं
झोपेतल्या माणसासारखं.
मग पक्कड, आणि सावकाश.

पहिल्यातून चहाच्या रंगाचा गाळ.
दुसऱ्यातून क्षाराची पापडी.
तिसऱ्यात बोटाला लागली चिमूटभर काळी वाळू,
कुठल्या भट्टीतली कोण जाणे,
चौदा वर्षं पाणी वाहताना
पाण्यातच बसून राहिलेली.
मी बोट लगेच पुसलं नाही.

टँकरचे मालक नागनाथ केंद्रे बाजेवर हिशेब करत होते.
पितळी कशाला, लोखंडी घाला.
आणि तो मागचा, फ्लायव्हीलच्या आडचा सहावा,
तो तर कोरडाच दिसतोय, राहू द्या.
"शेठ," उस्ताद म्हणाले,
"जे परत दिसणार नाही ते आधी बदलायचं."

सहावा त्यांनी मला दिला.
भोक पॉलिश पेपरनं घासलं,
कडेनं सीलंटचा बारीक घेर,
झाकणाच्या पोटात नेमकी बसेल ती गोटी.
"सीधा मार, बच्चा."
आवाज आधी टणटण येतो, मग बसका.
बसका आला की थांबायचं.
आला. थांबलो.
एका अंगाला कड नखभर वर होती.
मला दिसली.
उस्ताद असरच्या नमाजला गेले होते.
मी सीलंट बोटावर घेऊन
वरून फिरवलं.

नखभर म्हणजे किती.

अकरा दिवस टँकर पळाला.
टँकर गळणारच, त्याच्या गळण्याकडे कोण बघतं;
मागून सांडतं ते गावाचं,
पुढून ठिबकतं ते कुणाचं,
हे हाळीच्या चढावर काटा लाल झाला तेव्हा कळलं.

दोरीनं ओढून आणला.
उस्तादांनी गिअरबॉक्स उतरवला, रात्रीचे दहा वाजले.
केंद्र्यांना म्हणाले, मालच खराब निघाला,
मजुरी देऊ नका.
झाकण काढून माझ्या तळहातावर ठेवलं.
अर्धी कड चकचकीत, अर्ध्या कडेला तांबूस ओघळ.
मी बघत राहिलो, ते बिडी पेटवत राहिले.
मग नवं झाकण, तीच गोटी,
आणि हातोडा,
दांडा माझ्याकडे करून.

या वेळी आवाज बसला तेव्हा
मी चारी अंगांनी नख फिरवून पाहिलं.
ब्लॉकमध्ये पाणी भरलं.
झाकणाभोवती खडूची भुकटी लावली,
ओली झाली तर काळपट दिसेल म्हणून.
"बस इथंच," म्हणाले, आणि घरी गेले.

बॅटरी, डास, समोरच्या पंपावर एकच दिवा.
दर थोड्या वेळानं मी वाकून पाहायचो.
खडू पांढरा.
खडू पांढरा.

फजर उरकून उस्ताद आले,
चहाची किटली खाली ठेवली,
विचारलं, "पडला का बर्फ?"

"नाही," म्हणालो.